तिसरी पायरी

पहाटे पावणेपाच. ग्यिरोकास्तर.
दगडी छपरांवर अजून रात्रीची ओल,
आणि मी जुन्या बाजाराच्या चढाला लागतो
कॅमेरा छातीशी धरून,
काठोकाठ भरलं पातेलं चुलीवरून उतरवावं तसा.

धंद्याचे नियम मोजके.
बोलायचं नाही. थांबायचं नाही.
मागे वळून बघायचं नाही.
आणि चौकटीत माणूस नको,
बघणाऱ्यांना गाव हवं असतं, गावकरी नकोत.
गुडघे किंचित वाकवून,
टाच आधी, मग चवडा.
एवढं शिकायला एक अख्खा हिवाळा गेला
आणि डावा घोटा जन्माचा दुखरा झाला.

चाळीस मिनिटं सलग:
काळ्या-पांढऱ्या गोट्यांची फरसबंदी,
खोगीरवाल्याच्या बंद दुकानाचं निळं दार,
किल्ल्याचा कोपरा,
एखादं मांजर. मांजर चालतं.

हे सगळं बर्गनच्या एका इस्पितळात लावतात.
गुडघे बदललेली माणसं
सरकत्या पट्ट्यावर चालतात,
समोर पडद्यावर माझा चढ.
पाय त्यांचे, रस्ता आमचा,
घाम दोघांचाही खरा.

एप्रिलमध्ये कापाकापीला बसलो, कानावर हेडफोन,
तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला खराटा.
खर्र, खर्र, वळणाच्या पलीकडून.
मी वळायच्या दोन श्वास आधी गप्प.
मार्चचं चित्रण काढलं.
फेब्रुवारीचं, पावसातलं.
त्याच्या आधीचं.
दर वेळी खराटा, खराटा,
मग काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीमधून मी चाललोय
ऐटीत, लख्ख रस्त्यावरून.

दुसऱ्या पहाटे कॅमेरा पिशवीतच ठेवला.
वळणामागे, आटलेल्या कारंज्याच्या कोनाड्यात
ती उभी होती भिंतीला पाठ चिकटवून,
खराटा पोटाशी,
लपाछपी खेळणारी साठीची पोर.
पालिकेचं नारिंगी जाकीट. नाव फातबार्धा.

"आज यंत्र नाही?"
नाही.
"मग मी उगाचच श्वास धरला, इल्बर."
माझं नाव तिला ठाऊक होतं.

दोन वर्षं अशा लपताय?
तिने मान आडवी हलवली.
आमच्याकडे त्याचा अर्थ हो.

मग तिने विचारलं, एवढं चालून करतोस काय त्याचं?
मी सांगितलं. बर्गन, गुडघे, पट्टा.
खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून ती विचारात पडली.
"म्हणजे दुखणाईत माणसं रोज इथून जातात?"
तसंच म्हणायचं.
"आणि तू त्यांना सांगितलं नाहीस,
मशिदीखालची तिसरी पायरी सैल आहे म्हणून?"

पट्ट्यावर पायऱ्या नसतात, हे ओठांवर आलं होतं,
पण ती दाखवायला निघालीसुद्धा.
इथे. भिंतीकडून जायचं, उजवीकडून.
डावीकडे पाय टाकला की दगड दात काढतो.
नाझमियेचा खुबा इथेच गेला.
पालिकेला तीन अर्ज दिलेत,
तिसरा तर मुलाकडून टाइप करून.
तिने त्या दगडावर पाय ठेवला,
दगड खरोखरच हलला,
आणि मला आठवलं,
माझा घोटा शिकण्यात नाही, इथेच मुरगळला होता.
ते चित्रण मी पुसून टाकलं होतं.

नियम अजून पाळतो. बोलत नाही, थांबत नाही.
फक्त तिसरी पायरी आली की
कॅमेरा खाली बघतो
आणि भिंतीच्या कडेने उतरतो.
खराटा आता गप्प होत नाही.
वळणावर तो मोठा होत जातो,
चौकटीच्या काठाला नारिंगी बाही येते, जाते.

परवा बर्गनहून इंगून बाईंनी कळवलं,
त्या तिथल्या व्यायाम करवणाऱ्या.
म्हणाल्या, चढ संपून उतार लागला की एका ठरावीक जागी
सगळेच पेशंट उजवा हात
बाजूच्या दांडीला लावतात.
कुणी शिकवलेलं नाही. कारण काय असावं?

उत्तर अजून दिलेलं नाही.
आधी चौथा अर्ज लिहायचाय,
फातबार्धाने सांगितलंय, अक्षर मोठं काढ.